मागणीची पोच : रोजगार हमीची वाटचाल आणि कल्याणकारी राज्याचा अर्थ

'कल्याणकारी राज्य' हा शब्दप्रयोग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो आपण वाचला, त्यावर टीप लिहिली, गुणही मिळविले. परंतु शाळा सुटल्यावर या शब्दाचा अर्थ आपल्या मनात हळूहळू पातळ होत जातो. वृद्धेला मिळणारे निवृत्तिवेतन, शिधापत्रिकेवरील धान्य, शाळेतील माध्यान्ह भोजन, मजुराला मिळणारे काम या साऱ्यांना आपण सरसकट 'सरकारी मदत' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः या मदतीत दोन जाती आहेत. एक देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. दुसरी घेणाऱ्याच्या हक्काने मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पैसा तोच, कचेरी तीच, रांगही तीच. भेद दिसतो तो मदत न मिळाल्यावर. या भेदाचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी मी रोजगार हमीचे उदाहरण घेणार आहे. हैदराबादेतील मराठी माणसांना ते दोन बाजूंनी जवळचे आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादकडील नातीगोती आपल्यापैकी अनेक घरांत आजही जिवंत आहेत. ज्या दुष्काळाने रोजगार हमीच्या कल्पनेला बळ दिले, त्याची झळ त्या नातलगांनी सोसली. दुसरी गोष्ट अशी, की महाराष्ट्रात जन्मलेला हा विचार देशव्यापी झाला तेव्हा त्याचा शुभारंभ तत्कालीन आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात झाला, आणि त्याचे हिशेब जनतेसमोर वाचून दाखविण्याची पद्धत ज्या राज्याने घडविली त्याची राजधानी हैदराबाद हीच होती.

दान, योजना आणि हक्क

दुःखिताला मदत करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य होय, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. अन्नछत्रे, धर्मशाळा, दुष्काळात सारामाफी ही तिची रूपे. हे दान होय. त्यात दात्याचे पुण्य मोठे असते. घेणाऱ्याने मात्र कृतज्ञ राहावे एवढीच अपेक्षा असते. दान थांबले तर कोणाकडे दाद मागायची, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

आधुनिक शासन योजना आखते. योजनेत नियम असतात, पात्रतेच्या अटी असतात, अंदाजपत्रकात तरतूद असते. दानापेक्षा ही स्थिती निश्चितच पुढची होय. तथापि, 'तरतूद संपली' हे उत्तर योजनेत ग्राह्य ठरते. वृद्धांसाठी केंद्र सरकारने १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. पुढे तो २०० रुपये झाला, आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो दीर्घकाळ तेथेच थांबला. बाजारात डाळीचे भाव कोठून कोठे गेले, हे येथे बसलेल्या गृहिणींना सांगावयास नको. अनेक राज्यांनी आपल्या तिजोरीतून भर घातली, म्हणून बरे. पण रक्कम का वाढली नाही, असे वृद्धेने विचारले तर तिच्या हाती कायद्याचा आधार नाही.

हक्काची गोष्ट निराळी. हक्कात तीन बाबी अनिवार्य असतात. मागणारा कोण हे कायद्याने ठरलेले असते, देण्याची मुदत ठरलेली असते, आणि मुदत टळली तर देणाऱ्यावर काही भुर्दंड पडतो. यांपैकी तिसरी बाब नसेल तर पहिल्या दोन केवळ सदिच्छा ठरतात. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या अटीसह. शिवाय तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे ३७ व्या अनुच्छेदानुसार केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. संविधानातील हे वचन प्रत्यक्ष कायद्याच्या भाषेत उतरविण्याचे काम प्रथम महाराष्ट्राने केले.

दुष्काळ कोणी जाहीर करावयाचा?

इंग्रजी अमदानीत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. पीक बुडाले, की सरकारने रस्ते, तलाव अशी कामे काढावीत आणि अंगमेहनत करणाऱ्यास पोटापुरती मजुरी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. अनेक दृष्टींनी ती शहाणपणाची होती. परंतु तिची किल्ली अधिकाऱ्याच्या हाती होती. दुष्काळ आहे असे सरकारने जाहीर केल्याशिवाय कामे निघत नसत, आणि जाहीर करणे म्हणजे खर्च अंगावर घेणे, म्हणून जाहीर करण्यास सरकार नाखूश असे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मरण पावली, पण दुष्काळ संहितेनुसार अधिकृत घोषणा झालीच नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या दुष्काळाचे मूळ केवळ धान्याच्या तुटवड्यात नव्हते. मजूर, कोळी, कारागीर यांची धान्य मिळविण्याची ऐपत कोसळली होती. धान्य असूनही माणसे मेली, कारण धान्यावर त्यांचा काही हक्क पोचत नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही 'दुष्काळ' हा शब्द सरकारला अवघडच वाटत राहिला. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतील 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द घातला. शब्द गेला, दुष्काळ मात्र गेला नाही. १९७० ते १९७३ या काळात पावसाने पाठोपाठ दगा दिला. १९७२-७३ चे वर्ष तर मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, सांगलीचा पूर्वभाग येथील माणसे अद्याप विसरलेली नाहीत. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे गावोगाव निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोचली होती. धान्योत्पादनात एवढी घट होऊनही भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, याचे मोठे श्रेय या कामांना आहे. त्याबरोबरच ते मोर्चांना आणि घेरावांनाही आहे, हे विसरता कामा नये. काम काढा, मजुरी वेळेवर द्या, अशी मागणी करीत मजूर तहसील कचेऱ्यांवर गेले, म्हणून कामे निघाली.

या अनुभवाच्या आधीपासून एक गृहस्थ याच प्रश्नाचा विचार करीत होते. विठ्ठल सखाराम तथा वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील, गांधीविचारांचे, संतवाङ्मयाचे अभ्यासक आणि १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. ग्रामीण भागात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकास काम देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही कल्पना त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली, आणि तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा लहानसा प्रयोगही झाला. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली; दुष्काळी कामांच्या धुमश्चक्रीत ती काही काळ मागे पडली आणि दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा मार्गी लागली. त्यानंतर विधिमंडळाने 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७' एकमताने संमत केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. संकट आले आहे हे जाहीर करण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्याकडून काढून मजुराकडे दिला. ज्या दिवशी मजुराने काम मागितले, तो दिवस त्याच्यापुरता टंचाईचा. जिल्हाधिकाऱ्याने आणेवारी काढावी, मंत्रालयाने निर्णय घ्यावा, मग काम निघावे, हा क्रम उलटा झाला.

पंधरा दिवसांची मुदत

कायद्याची यंत्रणा दिसते साधी. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागावे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा. स्त्री-पुरुषांना एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय असावी. या शेवटच्या अटीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ती होती म्हणूनच, आणि काम गावाजवळ होते म्हणूनच, रोजगार हमीच्या कामांवर बायकांची संख्या प्रथमपासून मोठी राहिली. ज्यांना जमीनदाराच्या बांधावर पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळे, त्या बायकांना हजेरीपटावर प्रथमच स्वतःच्या नावापुढे पुरुषाइतकीच रक्कम लिहिलेली दिसली.

या साऱ्या यंत्रणेचा आस मात्र एका चिठोऱ्यावर फिरतो. ते म्हणजे मागणीची पोच. मजुराने विहित नमुन्यात अर्ज दिला, की त्यास तारीख घातलेली पोच मिळावयास हवी. पंधरा दिवस मोजावयाचे ते त्या तारखेपासून. पोच नसेल तर मुदत सुरूच होत नाही. मुदत सुरू झाली नाही, तर ती टळली असे म्हणता येत नाही. आणि मुदत टळली नाही, तर भत्ता देय होत नाही. एवढा मोठा कायदा त्या चिठोऱ्यावाचून पुन्हा दान होऊन बसतो.

सोयीसाठी एक हिशेब मांडू. देशव्यापी कायदा २००५ मध्ये झाला, तेव्हा बेकारी भत्त्याचा किमान दर पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या एक चतुर्थांश आणि नंतर अर्धा असा ठरला. मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे असे धरू. वीस मजुरांनी एकाच दिवशी काम मागितले, पोच घेतली, आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही. सोळाव्या दिवसापासून प्रत्येकी ७५ रुपये, म्हणजे वीस जणांचे रोज १,५०० रुपये. तीस दिवसांचे ४५,००० रुपये. त्यानंतर रोज ३,००० रुपये. या पैशात ना रस्ता होतो, ना तलाव. काम देणे हेच सरकारला स्वस्त पडावे, अशी ही रचना आहे. २००५ च्या कायद्यात तर आणखी एक खुबी होती. मजुरीचा सर्व खर्च केंद्राकडे होता, पण बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यावयाचा होता. राज्याने काम दिले तर पैसे केंद्राचे. काम न दिले तर पैसे राज्याचे. राज्यांनी तत्पर राहावे म्हणून कायद्यानेच घातलेली ही वेसण होती.

पैसा कोणाचा?

हक्क कागदावर लिहिणे सोपे. त्यामागे पैसा उभा करणे कठीण. महाराष्ट्राने याबाबतीत जे केले, ते आपल्यासारख्या नोकरीपेशातील शहरी मध्यमवर्गाने आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, कारकून अशा सर्वांच्या मिळकतीतून ठरावीक रक्कम कापली जाऊ लागली. याखेरीज विक्रीकर, मोटारवाहने, बागायती जमिनी, शहरांतील बिगरनिवासी जागा यांवर अधिभार किंवा उपकर बसले. या करांतून येईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी आणि रोजगार हमी निधी उभा करावा, अशी योजना होती.

म्हणजे मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगारपत्रकातील ती लहानशी कपात आणि बीडच्या माळावरील बाईच्या हातातील टिकाव यांचा थेट संबंध जोडला गेला. शहराने गावाला केलेले हे दान नव्हे. शहराला धान्य, भाजीपाला, दूध आणि स्वस्त मजूर पुरविणारे खेडे दुष्काळात उजाड झाले, तर त्याचा भार शेवटी शहराच्याच पदपथांवर येतो. तो भार गावातच, कामाच्या रूपाने उचलणे उभयतांच्या हिताचे होते. या निधीत जमलेला सर्व पैसा त्याच कामी लागतो काय, हा प्रश्न पुढे विधिमंडळात आणि बाहेरही विचारला गेला. तो योग्यच होता, कारण विशिष्ट कारणासाठी घेतलेला कर हासुद्धा एक प्रकारचा करार होय.

मजुरीचा दर हा दुसरा कळीचा मुद्दा. दुष्काळी कामावर किमान वेतनाहून कमी मजुरी देणे चालेल काय? राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, संजित रॉय खटल्यात, याचे उत्तर दिले. संकटग्रस्त माणसाकडून किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम घेणे हे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय, असा तो निर्णय होता. माणूस उपाशी आहे म्हणून तो स्वस्त ठरत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

महाराष्ट्रात १९८८ मध्ये रोजगार हमीचा दर किमान वेतनाच्या बरोबरीने वाढला, तेव्हा एक विचार करण्याजोगी घटना घडली. मजुरी वाढली, तर काम मागणारे वाढावयास हवेत. प्रत्यक्षात कामाचे दिवस लक्षणीय घटले. अर्थशास्त्रज्ञांनी या आकड्यांचा अभ्यास करून असे अनुमान काढले, की मागणी घटली नव्हती. कामे कमी काढली गेली. कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते, पण हमीचे शिधावाटप सुरू झाले होते. हक्क रद्द करावा लागत नाही. मागणीची नोंद न करणे पुरेसे होते.

देशभर आणि पुन्हा हैदराबादेत

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी अनंतपूर जिल्ह्यातील बंडलापल्ली या गावी त्याचा प्रारंभ झाला. प्रथम २०० जिल्हे, मग आणखी १३०, आणि १ एप्रिल २००८ पासून ग्रामीण भाग असलेले उर्वरित सर्व जिल्हे, असा त्याचा विस्तार झाला. २००९ मध्ये महात्मा गांधींचे नाव त्यास देण्यात आले. महाराष्ट्राच्या कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती व दिवसांची मर्यादा नव्हती. राष्ट्रीय कायद्यात ती प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवस अशी झाली. एका अर्थी हा संकोच होता. पण महाराष्ट्राबाहेरच्या कोट्यवधी कुटुंबांना तोवर काहीच हमी नव्हती, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

या कायद्यात कंत्राटदारांना मज्जाव होता, आणि हिशेब ग्रामसभेपुढे तपासला जावा अशी तरतूद होती. या तरतुदीमागे राजस्थानातील चळवळ होती. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेऊन सरकारी कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचून दाखविले. मृतांच्या नावे हजेरी, गाव सोडून गेलेल्यांच्या नावे मजुरी, न बांधलेल्या भिंतींची बिले असा सारा ऐवज उघड झाला. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्येच झाला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

परंतु एखाद्या संघटनेने धैर्याने करावयाची गोष्ट शासनाने नियमित पद्धत म्हणून करणे, हे प्रथम आंध्र प्रदेशात घडले. गावातीलच शिकलेल्या मुलामुलींना प्रशिक्षण देण्यात आले. हजेरीपटांच्या प्रती घेऊन त्यांनी घरोघरी जावे, 'तुमच्या नावावर अमुक दिवस लिहिले आहेत, तेवढे तुम्ही केलेत काय? एवढे पैसे मिळाले काय?' असे विचारावे, काम प्रत्यक्ष मोजावे आणि मग मंडळाच्या ठिकाणी भरसभेत निष्कर्ष वाचून दाखवावेत, अशी ती रीत होती. २००९ मध्ये यासाठी हैदराबादेत स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. काम मोजणारी यंत्रणा एक आणि पैसे देणारी दुसरी, अशी विभागणी झाली. अपहाराची सर्व रक्कम वसूल झाली, असे कोणी म्हणणार नाही; उघड झालेल्या प्रकरणांच्या मानाने वसुली आणि शिक्षा तोकडीच राहिल्या. तरीही निरक्षर मजुराच्या दारात येऊन सरकारी कागद मोठ्याने वाचला जाणे, ही घटना लहान नव्हती. ज्याच्या नावाने खर्च पडला त्यालाच तो खर्च विचारणे, याहून साधी आणि कठोर तपासणी कोणती असणार?

हक्काचा खरा उपयोग संकटात कळतो. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे शहरांतील कामे बंद पडली आणि लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. त्यांच्यासाठी नवी योजना आखण्याइतका वेळ कोणाकडेही नव्हता. रोजगार हमी मात्र गावात उभीच होती. २०२०-२१ या वर्षात देशात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. आदल्या वर्षी ते सुमारे २६५ कोटी होते. मूळच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत केंद्राला ४०,००० कोटींची भर घालावी लागली. मागणी आली म्हणून पैसा आला. तरतूद आहे म्हणून मागणी स्वीकारली, असे झाले नाही. योजना आणि हक्क यांतील फरक याहून स्पष्ट कोठे दिसणार नाही.

गळती कोठे होते?

ही बाजू सांगितल्यावर दुसरी सांगणे प्राप्त आहे. शंभर दिवसांची हमी असूनही काम मिळालेल्या कुटुंबांना सरासरीने वर्षाला पन्नास दिवसांच्या आसपासच काम मिळाले. शंभर दिवस पूर्ण करणारी कुटुंबे बहुतेक वर्षांत दहांत एक किंवा त्याहूनही कमी होती. बेकारी भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. कारण पुन्हा तेच. अर्ज तोंडी घेतला जातो. काम निघेल तेव्हा बोलावू, असे सांगितले जाते. पोच मागणाऱ्याला 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे ऐकविले जाते. काम सुरू झाल्यावर मागणीची तारीख कामाच्या तारखेशी जुळवून लिहिली जाते. कागदोपत्री मग प्रत्येक मागणी वेळेत पुरी झालेली असते.

मजुरीच्या विलंबाचेही तसेच. पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास भरपाई देण्याचा नियम होता. पण विलंब कोठून कोठपर्यंत मोजावयाचा, यावरच वाद होऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्राने हजेरी आणि २०२४ पासून आधारजोड खात्यांतूनच मजुरी, असे बदल सक्तीचे झाले. खोटी नावे गळावीत हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु ज्याच्या गावात जाळे मिळत नाही, ज्याच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारे पडले आहे, त्याची घाम गाळून झालेली हजेरी यंत्राच्या दृष्टीने झालेलीच नसते. पूर्वी मुकादमाची विनवणी करता येई. यंत्राची विनवणी कशी करणार?

पश्चिम बंगालचे प्रकरण आणखी गंभीर होते. गैरव्यवहाराच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२२ पासून त्या राज्याचा निधी थांबविला. गैरव्यवहार झाला असेल तर अपराध्यांना शासन व्हावे, यात दुमत नाही. पण काम मागणाऱ्या निरपराध मजुराचा हक्क त्यात तीन वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने कामे पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. दोन सरकारांच्या भांडणात तिसऱ्याचा हक्क गहाण पडता कामा नये, हा त्यातील बोध होय.

नवा कायदा, जुना प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी 'विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' हा नवा कायदा संमत केला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबासाठी १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. बेकारी भत्त्याची तरतूदही आहे. खर्चाची वाटणी मात्र पालटली आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता बहुतेक राज्यांना, त्यात तेलंगण आणि महाराष्ट्रही आले, मजुरीसह एकूण खर्चाचा ४० टक्के भाग उचलावयाचा आहे. प्रत्येक राज्याचा वार्षिक नियतव्यय केंद्र ठरविणार, आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने करावयाचा. पेरणी-कापणीच्या दिवसांत, वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत, ही कामे बंद ठेवण्याची मुभाही राज्यांना आहे.

या कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे असे, की खर्चाचा अंदाज आधी ठरेल, राज्यांचा पैसा गुंतल्याने ती दक्ष राहतील, टिकाऊ मत्ता उभ्या राहतील आणि शेतकऱ्यांना ऐन हंगामात मजूर मिळतील. टीकाकारांचे म्हणणे असे, की आधी रक्कम ठरवून मग हमी देणे हे वदतोव्याघाताचे लक्षण होय. या वादात आपण कोणतीही बाजू घेतली, तरी वर केलेल्या विवेचनावरून प्रश्न कसा विचारावा हे स्पष्ट व्हावे. दिवस १२५ झाले ही चांगली गोष्ट आहे. पण सरासरी पन्नासच्या आसपास अडखळलेल्या कुटुंबाला वरचे पंचवीस दिवस कधी दिसणार? पूर्वी काम दिल्याने राज्याचा पैसा वाचत असे. नियतव्यय संपल्यावर आता प्रत्येक नवी मागणी राज्याच्याच अंगावर पडेल. अशा वेळी कचेरीत तारीख घातलेली पोच देण्याची वृत्ती वाढेल की घटेल? नव्या कायद्याचे मूल्यमापन दिवसांच्या आकड्यावरून नव्हे, तर या प्रश्नाच्या प्रत्यक्ष उत्तरावरून व्हावे, असे मला वाटते.

आपणांस काय करता येईल?

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी बँकांत, टपाल खात्यात, महसूल कचेऱ्यांत, न्यायालयांत, लेखापरीक्षकांच्या पेढ्यांत आहेत. कित्येक निवृत्तही झाले आहेत. मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा पाच भाषांत कागद वाचू शकणारी माणसे आपल्या समाजात दुर्मीळ नाहीत. नांदेड-लातूरकडून आणि पालमूरकडून कामासाठी या शहरात येणाऱ्या मजुरांना नेमकी हीच मदत हवी असते. पैशाची मदत त्यानंतर येते.

कोणतीही शासकीय योजना समोर आली, की चार प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. यात पात्र कोण, हे नियमाने ठरले आहे की कोणाच्या शिफारशीने? मागणीची तारीख घातलेली पोच मिळते काय? मुदत टळली तर भुर्दंड कोणावर? आणि हिशेब कोठे, कोणासमोर वाचला जातो? हे प्रश्न शिधापत्रिकेला लागू आहेत, विधवा निवृत्तिवेतनाला लागू आहेत, शिष्यवृत्तीला लागू आहेत. निवडणुकीच्या आगेमागे जाहीर होणाऱ्या रोख रकमांच्या योजनांनाही ते लागू आहेत, किंबहुना तेथे अधिकच. खात्यावर आलेली रक्कम गोड लागते. पण पुढल्या महिन्यात ती न आल्यास विचारावयाचे कोणाला, हे ठाऊक नसेल तर ती रक्कम कितीही मोठी असली तरी दानच होय.

गरजू माणसाबरोबर एकदा कचेरीत जावे, त्याचा अर्ज स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा, आणि पोच हातात पडेपर्यंत तेथून उठू नये. कोणी म्हणेल, हे फार लहान काम आहे. परंतु कामाचा हक्क संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतून राज्याच्या कायद्यात आणि राज्याच्या कायद्यातून देशाच्या कायद्यात यावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या दीर्घ वाटचालीचे शेवटचे पाऊल ग्रामपंचायतीच्या टेबलावर पडते. तेथे तारखेचा शिक्का उमटला, तरच आधीची सारी वाटचाल त्या मजुराच्या पदरी पडते.